एका गाठीचे दोन इलाज

त्या चैत्रात आत्याबाई डाव्या हातानं पाणी शेंदायला लागल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात. आडावर उभ्या राहिल्या की उजवा हात दोराला नुसता लावलेला असायचा आणि सगळा जोर डाव्या हाताचा. घागर वर यायला वेळ लागायचा. मी शेजारी उभी राहून बघायची आणि काही विचारायची नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली सून मी. सासूच्या अंगाबद्दल विचारायचं तर कुठल्या शब्दांत, हेही मला माहीत नव्हतं.

आमची वस्ती राणीसावरगावपासून दोनेक कोस आत. थोडी कोरडवाहू जमीन आणि शे-सव्वाशे मेंढरं. दिवाळी उलटली की मामा, म्हणजे माझे सासरे, मेंढरं घेऊन गोदाकाठच्या काळ्या रानांत उतरायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. मामा परतायचे ते मृगाच्या तोंडावर. माझे मालक सोनपेठला एका शाळेत शिपाई होते, शनिवारी यायचे. त्यामुळं आठवड्यातले बहुतेक दिवस घरात आम्ही तिघीच: आत्याबाई, मी आणि माझी दोन वर्षांची मुलगी. ते दिवस आता आठवतात तेव्हा त्यांना आवाज नसतो. मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा, त्याच्या काटेरी कुंपणाला अडकून राहिलेली लोकर, आणि अंगणात ऊन असं पसरलेलं, जणू कुणी ते वाळत घालून विसरून गेलंय.

अशाच एका दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, इकडं ये. हात दे तुझा."

त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या चोळीवर ठेवला, उजव्या बाजूला, काखेजवळ. मी दचकून हात मागं घेणार होते, पण त्यांनी सोडला नाही. कापडाखाली, कातडीखाली, सुपारीएवढं काहीतरी कडक होतं. दाबलं तरी सरकत नव्हतं.

"दुखती का?" मी विचारलं.

"न्हाई. दुखली असती तर कवाच बोलले असते."  मग म्हणाल्या, "मेंढीच्या कासंत गाठ येती, ती मी लय बघितली. ती गरम असती, मेंढी हात लावू देत न्हाई. ही थंड हाय. आन् हलत न्हाई. मला त्याचंच भ्या वाटायलंय."

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला अंगाला तेल चोळताना ती पहिल्यांदा त्यांच्या बोटांना लागली होती. तेव्हापासून पाच महिने त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रुईची पानं गरम करून बांधून बघितली होती, हळदीचा लेप लावून बघितला होता. उजव्या हातानं जोर केला तर गाठ वाढेल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, म्हणून ते डाव्या हाताचं पाणी. कुणाला सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हणाले आणि शनिवारी मालकांना सांगितलं.

सांगताना मी चुलीकडं बघत होते आणि ऐकताना ते जमिनीकडं. आईच्या अशा ठिकाणच्या दुखण्याबद्दल मुलानं काय बोलावं, हे त्यांनाही कळेना. शेवटी म्हणाले, मी रजा काढतो, पण आत तू जा, मी दाराबाहेर थांबेन. आणि पुढं सगळीकडं तसंच झालं. जिथं जिथं आम्ही गेलो तिथं ते दाराबाहेर उभे राहिले, आणि आतलं सगळं मी ऐकून घ्यायचं, असं आपोआप ठरून गेलं. मी पाथरीची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. घरातलं कागदपत्र तसंही माझ्याकडंच असायचं.

गंगाखेडच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी देऊन परभणीला पाठवलं. परभणीला सुई घालून गाठीतलं पाणी काढलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी एक कागद हातात आला. त्यावरचं इंग्रजी मला सगळं लागलं नाही, पण एक शब्द लागला. तो शब्द आमच्याकडं कुणी मोठ्यानं म्हणत नसे. कुणाला तो झाला तर ‘त्याला तसलं दुखणं झालंय’ म्हणायचे, आणि एवढ्यावर सगळ्यांना कळायचं. कागद घडी करून मी पिशवीत ठेवला. आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "तसलंच ना?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, चल, बस चुकंल.

आता पुढच्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जायचं होतं. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत बोलणं तुटलं होतं. आमच्या वस्तीचं आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचंही तुटलं होतं. त्यांची माणसं मोर्चाला जायची. आमच्याकडची काही त्यांच्याकडं बघायची नाहीत, काही उगाच बघायची. आम्ही निघालो त्या दिवशी परभणी सुटल्यावर बस रस्त्यातच थांबली. पुढं नामांतराच्या मागणीसाठी लोक रस्त्यावर बसले होते. सगळे उतरून लिंबाखाली जाऊन बसले. किती वेळ गेला कोण जाणे. दूरवरून घोषणा ऐकू यायच्या, मग वारा फिरायचा आणि त्या पुसल्या जायच्या. लिंबाचा मोहर आत्याबाईंच्या डोक्यावरच्या पदरावर पडत होता आणि त्या तो झटकत नव्हत्या. मला झोप येत होती आणि झोपेत असं वाटत होतं की आपण कुठंच चाललेलो नाही, इथंच बसायला आलोय.

रस्त्यावर बसलेल्यांतली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन झाडाखालच्या माणसांकडं आली. आम्हाला विचारलं, कुठं निघालात. मी दवाखाना म्हणाले. तिनं तांब्या पुढं केला. मी लगेच हात पुढं केला नाही, हे मला आज लिहितानाही लाजवतं. आत्याबाईंनी तांब्या घेतला, वरून धार धरून पाणी प्याल्या आणि तिला म्हणाल्या, "लय तहान लागली होती बाई." मग मीही प्याले.

आम्ही पोचलो तेव्हा ओपीडी बंद व्हायला आली होती. पण तिथल्या डॉक्टरीणबाई अजून बसल्या होत्या. पस्तिशीच्या असाव्यात. केस घट्ट बांधलेले, टेबलावर चहाचा थंड झालेला कप. त्यांनी आत्याबाईंना तपासलं. आधी चांगली बाजू, मग गाठीची, मग दोन्ही काखा आणि मानेजवळ. हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी सांगत होत्या, आता इथं बघते हं मावशी. मग त्यांनी केसपेपर उलटा केला, पाठीमागच्या कोऱ्या भागावर दोन चित्रं काढली आणि खुर्ची आमच्या बाजूला सरकवली.

त्या म्हणाल्या, गाठ कॅन्सरची आहे हे नक्की. पण ती अजून छातीतच आहे असं वाटतंय, दुसरीकडं गेल्याचं दिसत नाही. इलाजाचे दोन रस्ते आहेत. पहिल्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं, हा एक: त्या बाजूचा स्तन पूर्ण काढायचा आणि काखेतल्या गाठी काढायच्या. त्याला एकच मोठं ऑपरेशन. मग दुसऱ्या चित्रावर बोट: हा दुसरा. फक्त गाठ आणि भोवतीचं थोडं मांस काढायचं, काखेतल्या गाठी काढून तपासायच्या, आणि उरलेल्या जागेला किरणांचा शेक द्यायचा. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. ते यंत्र इथं नाही, लांबच्या शहरात जाऊन राहावं लागेल. अलीकडं असं दिसायला लागलंय की गाठ लहान असेल आणि शेक पूर्ण घेतला, तर दोन्ही रस्त्यांनी माणूस जवळपास सारखाच जगतो. पण शेक अर्धवट सोडून चालत नाही. अर्धवट सोडायचा असेल तर त्या रस्त्यानं जाऊच नये. गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतील का, ते दोन्हीकडं नंतर ठरेल, काढलेलं तपासून आल्यावर.

मग त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. प्रश्न मलाच विचारलाय असं त्यांना वाटलं असावं. डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं, तुम्हाला, तुमचं अंग आहे. आत्याबाई म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. बाई म्हणाल्या, कळेल. आठ दिवस घ्या. घरी जाऊन विचार करा, जे जे विचारायचं ते लिहून आणा. पण आठाचे पंधरा करू नका.

परतीच्या बसमध्ये तो केसपेपर माझ्या मांडीवर होता. दोन गोल, एकात आडवी रेघ, एकात छोटा ठिपका. आत्याबाई सारखं त्याच्याकडं बघत होत्या, जत्रेत काढलेल्या स्वतःच्या फोटोकडं बघावं तसं.

ते आठ दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात, आणि सगळ्यात धूसरही. सकाळी काम, दुपारी अंगणात आत्याबाई घोंगडीवर पडायच्या आणि मी शेजारी शाळेच्या जुन्या वहीची पाठकोरी पानं घेऊन बसायची. त्या डोळे मिटून बोलायच्या, मी लिहायची. मध्येच त्यांना डुलकी लागायची, मग अर्ध्या तासानं उठून, जणू मध्ये काही झालंच नाही असं पुढचं सांगायच्या. "लिव्ह, हात उचलता येईल का. कोकरू उचलता येईल का." "लिव्ह, हे लेकराला लागतं का. नातीला जवळ घेऊन निजले तर चालंल का." "लिव्ह, नुसत्या गोळ्यांनी भागंल का." एकदा म्हणाल्या, "लिव्ह, हे कशानं झालं. माझ्या हातून काय चुकलं का." मी लिहिलं आणि पान उलटलं.

तोवर बातमी फुटली होती. भावकीतली माणसं येऊन बसायची. एक म्हणाले, चाकू लागला की तसलं दुखणं पसरतं, हात लावू देऊ नका. दुसऱ्यांना एक वैदू माहीत होता. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काढून टाका म्हणावं सगळं, या वयात तिला आता त्याचं काय करायचंय. आत्याबाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या थोडं पुढं असेल. त्यांनी ते ऐकलं होतं. ती बाई गेल्यावर त्या म्हणाल्या, "चार लेकरं पाजली म्या. दोन जगली न्हाईत, पर पाजली. काय करायचंय ते मी सांगन."

मी मामांना निरोप धाडला. गोदाकाठाकडं निघालेल्या एका मेंढक्यानं तो पोचवला. मेंढरं जोडीदाराच्या हवाली करून मामा दोन दिवस चालत आले. पाचव्या दिवशी, दुपारचं जेवण उरकल्यावर, ते दारात उभे दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. पाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि मग मला विचारलं, इलाज काय काय हाईत ते सांग. मी कोळशानं अंगणात दोन गोल काढले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सांगितलं. मामा उकिडवे बसून ऐकत होते. शेक म्हणजे काय, जळतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, डोळ्याला दिसत नाही, पण कातडी काळवंडते असं बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

"मेंढीचं असतं तर मी सांगितलं असतं," मामा म्हणाले. "हे तुझं हाय. तू सांगशील तसं करू. शेकाला जायचं असंल तर मी यंदा मेंढरं लवकर वळवतो, दोन म्हैने तुझ्यासंगं ऱ्हातो."

आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर नवऱ्यानं असं काही सगळ्यांसमोर म्हणावं याची त्यांना लाज वाटली असेल, किंवा आणखी काही वाटलं असेल. मी तिथून उठले.

आठव्या दिवशी आम्ही परत त्या डॉक्टरीणबाईंच्या समोर होतो. मी वहीतले प्रश्न वाचत गेले. बाई एकेकाचं उत्तर देत गेल्या, घाई न करता. हात उचलता येईल, पण पहिले काही महिने रोज व्यायाम करावा लागेल, नाहीतर खांदा आखडेल. काखेतल्या गाठी काढल्यावर कधी कधी हात सुजतो, तेव्हा त्या हाताला विळा लागू द्यायचा नाही, त्या हातात सुई टोचून घ्यायची नाही, जड ओझं जपून. नातीला लागत नाही, खुशाल जवळ घेऊन निजा. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही; गोळ्या ऑपरेशनच्या सोबतीला असतात, बदली नाहीत. पूर्ण स्तन काढला तरी रोग परत कधीच येणार नाही, असं मात्र कुठलाच रस्ता सांगू शकत नाही, म्हणून तपासायला येत राहायचं.

शेवटचा प्रश्न मी वाचला तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही मावशी," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही."

दिवाळीपासून आत्याबाई रडल्या नव्हत्या, निदान माझ्यासमोर नाही. आता रडायला लागल्या आणि थांबेनात. बाहेर दाराशी मालकांनी आवाज ऐकला असावा. दार थोडं हललं आणि परत मिटलं. बाईंनी तांब्यातलं पाणी दिलं. नंतर आत्याबाईंनी डोळे पुसले आणि एकदम कामाचं बोलल्या. "पुरा काढा. शेक दोन म्हैने. नातीला सोडून परक्या शहरात माझं मन लागायचं न्हाई, मी मधूनच पळून येईन, मला मी माहिती हाय. तुमीच म्हणालात अर्धवट लय वाईट. मग एकदाच काय ते होऊ द्या."

बाईंनी विचारलं, नक्की ना, कुणी सांगितलं म्हणून नाही ना. आत्याबाई म्हणाल्या, सांगणाऱ्यांनी दोन्हीकडचं सांगितलं. हे माझं हाय.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या नर्सनं उतरवायला सांगितल्या. आत्याबाईंनी त्या फोडू दिल्या नाहीत, साबण लावून एकेक काढली आणि माझ्या हातात दिली. मी, मालक आणि मामा व्हरांड्यात बसलो. मामा आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या इमारतीत आले होते. ते सारखे छताकडं बघत होते. व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि कुठंतरी नळ ठिबकत होता. मला ते ठिबकणं मोजायची सवय लागली आणि मग मोजणं कुठं सुटलं ते कळलं नाही.

शुद्धीवर येताना आत्याबाई मेंढरांना हाका मारत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वप्न सांगितलं. गंगेच्या पात्रात, म्हणजे गोदावरीत, सगळीकडं पाणी, आणि मेंढरं पाण्यावरून चालत होती. पाय भिजत नव्हते. त्या मागून चालत होत्या आणि त्यांना वाटत होतं, लोकर धुऊन घ्यायला हवी होती, कातरणी जवळ आली, पण ही पाण्यात उतरतच नाहीत. "लय निवांत वाटत होतं," त्या म्हणाल्या. "कुणी हाक मारली नसती तर मी गेलेच असते तशी." छातीवर पांढरी पट्टी होती, बगलेतून एक नळी खाली बाटलीत उतरत होती. त्यांनी अजून तिकडं बघितलं नव्हतं. सहाव्या दिवशी पट्टी बदलताना बघितलं.  दुपारभर कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडल्या. मी पाय चेपत बसले.

तपासणीचा कागद आला. काखेतल्या गाठींत रोग गेलेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं नकोत, रोज एक गोळी घ्यायची, दोन वर्षं तरी. पुढचं पुढं बघू. ती दोन वर्षं पुढं पाच झाली. गोळीनं त्यांना अंगातून एकदम वाफा यायच्या. भर थंडीत पदरानं वारा घेत बसायच्या.

घरी आल्यावर खांद्याचा व्यायाम होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची, जिथं ओढ बसेल तिथं थांबायचं. मी ओल्या कावेनं, म्हणजे गेरूनं, भिंतीवर रोजची खूण करायची. पहिल्या दिवशी ती कमरेच्या जरा वर होती. माझी मुलगी शेजारी उभी राहून आपलीही बोटं तशीच चढवायची आणि तिची लवकर संपायची, कारण ती लहान होती. पावसाळा संपेपर्यंत खुणा आत्याबाईंच्या डोक्यावर गेल्या.

चोळीचाही प्रश्न होता. लुगड्याच्या पदराखाली कुणाला काही दिसत नव्हतं, पण आत्याबाई म्हणाल्या, चालताना मी एका अंगाला कलायलेय असं वाटतंय. मी कापडाची पिशवी शिवून त्यात कापूस भरला. तो हलका, वर सरकायचा. मग मेंढीची धुतलेली लोकर भरली. ती ऊबदार, पण तीही हलकी. शेवटी लोकरीत मूठभर ज्वारी घातली आणि वजन बरोबर बसलं. दर पंधरा दिवसांनी ती ज्वारी बदलावी लागायची, किडे होऊ नयेत म्हणून. जुनी ज्वारी कोंबड्यांना टाकताना आत्याबाई हसायच्या. मामांनी जखम बघितली ती टाके निघाल्यावर महिन्यानं. काय म्हणाले, असं मी विचारलं नसतं, पण आत्याबाईंनी आपण होऊन सांगितलं. म्हणाले, टाके चांगले घातलेत, म्या घातले असते तर एवढे सरळ आले नसते.

चार-पाच वर्षं गेली. एका दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई आमच्या वाडग्याशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा मोर्चाला जाणाऱ्यांतला. आमच्या दोन्ही वस्त्यांत अजून येणं-जाणं नव्हतं, त्यामुळं ती आत येईना आणि मला तिला काय म्हणावं ते सुचेना. चाळिशीची असेल. आत्याबाईंनी तिला घोंगडीवर बसवलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आपल्या छातीकडं बोट केलं. गाठ हरभऱ्यापेक्षा जरा मोठी होती. आत्याबाईंनी बोटानं बघितली आणि बोट लगेच काढून घेतलं.

"तुमी काय केलं ते सांगा," ती बाई म्हणाली. "मी तेच करते."

"आसं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आधी ती तसली हाय का ते तपासू दे. मग दोन रस्ते सांगत्यात. दोन्ही ऐकून घे. माझं मी केलं, तुझं तुला बघावं लागंल. तुला शहरात कोण हाय का?"

शेकाचं यंत्र होतं त्या लांबच्या शहरात तिची बहीण धुणीभांडी करायची. आत्याबाईंनी मान हलवली आणि मला वही आणायला सांगितली.

आम्ही तिघी गेलो. माझ्या आधी आत्याबाईच बसमध्ये चढल्या, खिडकीजवळची जागा तिला दिली. गाठ तसलीच निघाली. त्या डॉक्टरीणबाई आता तिथं नव्हत्या, दुसरे डॉक्टर होते, ते घाईत होते. एकच ऑपरेशन सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्याबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, दुसरा रस्ता बी सांगा हिला. गाठ बारीक हाय, हिची बहीण शहरात हाय, ही शेक पुरा घेईल." डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. मग पेशंटला थांबायला सांगितलं आणि दुसरा रस्ताही सांगितला. तिच्या वयामुळं ऑपरेशननंतर इंजेक्शनंही लागतील म्हणाले, केस जातील, परत येतील.

तिनं दुसरा रस्ता घेतला. मुलं आईकडं ठेवून ती बहिणीकडं राहिली. इंजेक्शनं आणि शेक मिळून वर्षातला मोठा भाग गेला. परत आली तेव्हा छातीच्या त्या बाजूची कातडी काळवंडलेली होती, आणि ती इतकी थकली होती की आमच्या अंगणात बसल्या बसल्याच झोपली. आत्याबाईंनी तिच्या अंगावर घोंगडी टाकली. गावातले दोघे-तिघे वाटेनं जाताना बघून गेले.  पुढं ती येतच राहिली.

दोघीही राहिल्या. आत्याबाई ऑपरेशननंतर सतरा वर्षं जगल्या आणि गेल्या त्या म्हातारपणाच्या तापानं. ती बाई अजून आहे, मुलांकडं असते.

नामांतर झाल्याची बातमी आली तेव्हा ओढ्यापलीकडून दिवसभर हलगीचा आवाज येत होता. आमच्या वस्तीवर दारं लवकर लागली. दुपारी ती बाई पुड्यात पेढे घेऊन आली. केस परत आले होते, त्यात एक पिवळं फूल खोवलं होतं. आत्याबाईंनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि तिचा हात हातात घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत दाबून बघितला, कुठं सूज आहे का ते.

"रोज भिंतीला हात लावतीस ना?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, लावते की. मग दोघी हाताच्या सुजेवर, गोळ्यांवर आणि अंगातून येणाऱ्या वाफांवर बोलत बसल्या, ऊन वाडग्याच्या पलीकडं जाईपर्यंत. मी चहा ठेवला.